तिसरं स्थळ आणि पट्ट्याची कुस्ती

"आज दात दिसले तर बग," असं म्हणत मायाक्काने लेकीच्या दंडाला चिमटा काढला. "पावनी माघारी जाईस्तवर तोंड मिटून ऱ्हायचं."

जगदेवीने मान हलवली आणि तिला तिथल्या तिथे हसू फुटलं. आईने एवढा दम द्यायचा आणि तिच्याच नाकाच्या शेंड्यावर चुलीतली राख लागलेली असायची, याला कुणी काय करावं?

हसण्यापायी जगदेवीची दोन स्थळं मोडली होती. पहिल्या वेळी नवऱ्या मुलाने आपण शिकलेले आहोत हे दाखवायला वर्तमानपत्र उघडलं आणि ते उलटं धरलं. दुसऱ्या वेळी एक कोकरू होणाऱ्या सासऱ्याच्या फेट्याचा शेमला चघळत राहिलं आणि सासरा आपल्या घराण्याच्या दराऱ्याविषयी बोलत राहिला. दोन्ही वेळा बाकीच्यांनी हसू गिळलं, हिला ते जमलं नाही. तेव्हापासून कुंभारीपासून पार अक्कलकोटापर्यंत सगळ्या भावकीत एकच बोलणं झालं होतं की ज्ञानबाची पोरगी माणसाच्या तोंडावर हसते. तिला अठरावं सरत आलं होतं. बरोबरीच्या पोरींच्या कडेवर पोरं होती.

हे तिसरं स्थळ. मुलगा रुद्रप्पा सोलापुरात गिरणीत कापड विणायच्या साच्यावर कामाला होता आणि सुट्टी झाली की तालमीत. सकाळी पाहुण्यांची बैलगाडी आली तेव्हा जगदेवी दाराआड उभी होती. रुद्रप्पाने खाली उतरून आधी दारातल्या एडक्याचं कपाळ खाजवलं आणि मग माणसांना रामराम घातला. तेवढं बघितलं आणि जगदेवीचं ठरलं. हे स्थळ तिला हवं होतं. आधीची दोन मोडली तेव्हा तिला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं, आज मात्र ती सारखी दाराच्या फटीतून बाहेर बघत होती.

घरात या स्थळावरून दोन तट होते. मायाक्का स्थळाच्या बाजूने होती. लेकीला उन्हातान्हात मेंढरांमागे भटकावं लागणार नाही, याचं तिला अप्रूप होतं. चुलता बिरप्पा मात्र पहिल्यापासून नाक मुरडून होता. "गिरणीतल्या पोराला पोरगी द्यायची? उद्या लांडगा आला तर काय कापसाचा बोळा फेकून मारनार हाय त्यो?" असं तो गेले पंधरा दिवस ऐकवत होता. जगदेवीचे वडील ज्ञानबा, ज्यांना सारं घर आण्णा म्हणायचं, ते दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि लोकर पिंजत बसायचे. बापाच्या माघारी दोन भावांची चूल एकच राहिली होती, ती आण्णांच्या या गप्प बसण्यामुळेच.

आणि त्या सुपारी फोडायच्या दिवशीच बिरप्पाने नको तो पाहुणा घरी आणून ठेवला होता.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. तिथे घोडी विकायला आलेला एक उंच, लालबुंद गालांचा, मिशाळ माणूस बिरप्पाला भेटला. तो बुखाऱ्याच्याही पलीकडच्या कुठल्याशा डोंगरातला. मुलूख सोडून आला होता आणि दोन-तीन वर्षं हैदराबादेत काढल्यामुळे त्याला दखनी बोलता यायची. नाव योल्दाश. बिरप्पाच्या तोंडात ते काही बसेना, म्हणून त्याने त्याचा यल्लप्पा करून टाकला. तिकडे तोही मेंढरंच राखायचा हे कळल्यावर बिरप्पाने त्याला गळामिठी मारली आणि हुरडा खायला चल म्हणून थेट घरी आणला. यल्लप्पाही खुशाल आला. आता तो अंगणात घोंगडीवर मांडी ठोकून बसला होता आणि कणसं चोळून चोळून पाहुण्यांना हुरडा भरवत होता, जणू मुलगी त्याचीच होती.

हुरडा झाला, शेंगांची चटणी झाली, ताक झालं. सुपारीचं ताट बाहेर आलं. एवढ्यात मुलाचे वडील गुरुबसप्पा यांना आपल्या पोराचं कौतुक सांगायची उबळ आली. गुरुबसप्पा स्वतः एके काळचे पैलवान. आता मान जाड आणि गुडघे कुरकुरणारे, पण बसायची ऐट तीच होती.

"आमच्या रुद्राची पाट अजून मातीला लागली न्हाय," ते म्हणाले. "पाच तालुक्यांत कुस्ती केली त्यानं. आजवर एकबी पठ्ठ्या न्हाय निघाला त्याला पाडनारा."

कुस्ती हा शब्द कानावर पडला आणि यल्लप्पाने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"कुश्ती?" त्याचे डोळे चमकले. "हमारे उधर भी है. कुराश!"

"खुराक?" बिरप्पाने विचारलं.

"खुराक नै मियाँ. कुराश!" यल्लप्पा उठला, कमरेचा लांब रुंद पट्टा सोडून परत घट्ट बांधला आणि सांगू लागला. त्याच्या मुलखात दोघे एकमेकांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरतात. एकदा धरला की सोडायचा नाही. पायाला हात लावायचा नाही. उचलायचं आणि पाठीवर टाकायचं, बस्स. लग्न असो, बारसं असो, कुराश झाल्याशिवाय जेवणाला चव नाही. आणि जिंकणाऱ्याला काय मिळतं? त्याने दाराकडे बोट केलं. एडका!

"मग हाय की आमचा बी!" बिरप्पा उत्साहाने बोलून गेला.

आतून मायाक्काने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने जीभच चावली. तो एडका बिरोबाला सोडलेला होता. त्याला कुणी शिवीही द्यायचं नाही, मग बक्षीस कसलं? पण यल्लप्पाने ते ऐकलं होतं आणि तो आनंदाने मिशा चोळत होता.

"आदी सुपारी फुटू द्या," आण्णा हळूच म्हणाले. "मग काय त्या कुस्त्या खेळा."

"सुपारी काय पळून जाती व्हय?" गुरुबसप्पांनी हात उडवला. "पावना एवढा लांबनं आलाय. दाव रं रुद्रा त्येला, देशावरची कुस्ती कशी असती ती. एका मिंटात मोकळा करतो बगा ह्यो."

हे गुरुबसप्पा स्वतः म्हणाले होते, हे पुढे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, त्यांच्या तर नाहीच.

मेंढरं बाहेर गेलेली होती. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, म्हणजे वाघरीच्या आतली जागा लेंड्यांनी मऊ झालेली होती. तिथे शेजारीपाजारी जमले. रुद्रप्पाने पैरण काढली, मातीला हात लावून कपाळी नेला आणि शड्डू ठोकला. त्या आवाजाने जगदेवी दाराआडून निघून वाघरीच्या खुंटापर्यंत कधी आली, ते तिचं तिलाच कळलं नाही. रुद्रप्पाच्या कमरेला बिरप्पाने आपलं उपरणं पट्ट्यासारखं बांधलं. दोघांनी एकमेकांच्या कमरा धरल्या.

आणि रुद्रप्पाने सवयीप्रमाणे चटकन पट्टा सोडून खाली वाकून यल्लप्पाचा पाय ओढला.

"नक्को नक्को! पाँव नक्को!" यल्लप्पा एका पायावर लंगडी घालत ओरडला.

"पट काढला तर काढू दे की!" गुरुबसप्पा गरजले. "पाय न्हाय धरायचा तर काय पाया पडायचं व्हय?"

"आबा, त्यांच्यात न्हाय चालत," रुद्रप्पाने पाय सोडला. "त्यांच्या कायद्यानं खेळू की एक डाव."

परत पकड. या वेळी रुद्रप्पाने पट्टा सोडला नाही. दोघे कपाळाला कपाळ लावून दोन-चार पावलं फिरले. मग यल्लप्पा अंगाने अचानक सैल पडला, रुद्रप्पा त्याच्यावर रेलला आणि त्याच क्षणी यल्लप्पाने कंबर खाली घालून त्याला उचललं. पाच तालुक्यांत न लागलेली पाठ दाणकन जमिनीला लागली.

"हलाल!" यल्लप्पाने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. "हलाल! हलाल!"

गावात हा शब्द फक्त मुलाण्याच्या तोंडून ऐकू यायचा आणि तेव्हा त्याच्या हातात सुरी असायची.

पुढे जो गोंधळ झाला त्याला तोड नाही. मायाक्का "माझ्या देवाचा एडका!" म्हणून किंचाळली आणि पदर खोचून धावली. तिने एडक्याची शिंगं धरून त्याला ओढत घरात नेला. तो जाता जाता सुपारीच्या ताटात पाय घालून गेला. बिरप्पा यल्लप्पापुढे आडवा झाला, "यल्लप्पा, बाबा, चुकलो मी, त्यो देवाचा हाय!" म्हणून हात जोडू लागला. रुद्रप्पाची आत्या गोजरबाई घोंगडीवरच बसल्या बसल्या "अगं बाई बाई" करू लागली. आणि या सगळ्या कालव्यात एक हसू खळाळून उठलं, ते साऱ्या अंगणाने ऐकलं.

जगदेवी वाघरीच्या खुंटाला धरून हसत होती. तिच्यापासून चार हातांवर रुद्रप्पा पाठीवर पडलेला होता.

गुरुबसप्पांनी मागे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला.

"हलाल म्हंजे कापायचा न्हाय, कापायचा न्हाय!" बिरप्पाला एव्हाना यल्लप्पाने समजावलं होतं आणि तो धापा टाकत सर्वांना सांगत होता. "त्यांच्यात तसं म्हनत्यात. खोटंपना न्हाय, लबाडी न्हाय, चोख कुस्ती झाली म्हंजे हलाल! वैनी, सोड त्या एडक्याला!"

"म्हंजे चोख पडला आमचा पोरगा," गुरुबसप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "ह्यांच्या दारात पडला आन् ह्यांची पोरगी त्याच्यावर हसली. गाडी जुंप रं रुद्रा."

जगदेवीचं हसू जागच्या जागी विझलं. तिला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आधीच्या वेळी लोक तिला उद्धट म्हणाले होते, तेव्हा ती मनात म्हणायची, म्हणा. आज तिला तसं म्हणवेना.

"मी आदीपासनं म्हनत हुते," गोजरबाईने तोंड घातलं. "हसरी पोरगी घरात आली की घराचं हसं हुतं."

"तुमचं पोरगं पडलं त्यात आमच्या पोरीचा काय दोष?" मायाक्का एडका सोडून बाहेर आली. सकाळपर्यंत याच स्थळासाठी तिने देव पाण्यात घातले होते, पण लेकीला कुणी बोललं की तिचं डोकं जागेवर राहत नसे. "न्हाय तर न्हाय! गिरणीतली लई पोरं हायत!"

"वैनी, तू गप," बिरप्पा मध्ये पडला. आणि पंधरा दिवस नाक मुरडणारा हा माणूस एकदम स्थळाचा वकील झाला. "असला पोरगा दिवा घिऊन हुडकला तर गावनार न्हाय. मी सोता बगितलं. पडला, पन कुनाला शिवी न्हाय दिली. गुरुबसप्पा, बसा खाली, तुमाला बिरोबाची आन हाय!"

इकडे हे चाललं असताना तिकडे रुद्रप्पा गाडी जुंपायला गेलाच नव्हता. तो उठून यल्लप्पाजवळ गेला होता.

"उचलताना कंबर खालनं कशी घातली तुमी?" त्याने विचारलं. "परत दावा की."

"रुद्रा!" गुरुबसप्पा ओरडले.

"आलो आबा. एकच डाव."

यल्लप्पाने परत त्याचा पट्टा धरला, या वेळी सावकाश. पाऊल कुठे, कंबर कुठे, ते बोलून दाखवत त्याने रुद्रप्पाला उचललं. पण रुद्रप्पाने पडता पडता अंग वळवलं आणि तो पाठीऐवजी कुशीवर पडला.

"आधा!" यल्लप्पा खुशीत ओरडला. "आधा हुआ! पूरा नै!"

"अर्धी कुस्ती!" रुद्रप्पा मातीतच उठून बसला. त्याला हर्ष मावत नव्हता. "आबा, आईकलं का? आमच्यात पडला की पडला, न्हाय तर न्हाय. ह्यांच्यात अर्धं बी मोजत्यात! वस्ताद तेच सांगत हुते. पुढल्या साली जर्मनीत साऱ्या मुलखांच्या कुस्त्या हायत. माती न्हाय, गादीवर. तितं बी असंच गुन मोजत्यात. वस्ताद म्हनले, आपली पोरं ताकदीनं न्हाय, परक्या कायद्यानं मार खात्यात."

त्यावर यल्लप्पाही बोलू लागला आणि बिरप्पा त्याचं मराठी करत गेला. यल्लप्पाचा एक मामा रशियाच्या मोठमोठ्या गावांत तंबूंमध्ये कुस्ती खेळायचा. तिथे मुलखामुलखाचे पैलवान यायचे. कुणी म्हणे पाय धरायचा, कुणी म्हणे धरायचा नाही, कुणी अंगाला तेल चोपडून यायचा. कुस्तीपेक्षा कायद्यावरूनच डोकी फुटायची. मग हळूहळू बसून ठरवायला लागले, हे चालेल, हे चालणार नाही. मामा म्हणायचा, असं ठरत गेलं तर एक दिवस दोन टोकांची माणसं एकाच पट्ट्याला धरतील.

"आमच्या दारात धरलाच की आज," आण्णा म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज सर्वांना ऐकू गेला.

पण गुरुबसप्पांचा हट्ट ढळला नव्हता. "ते सगळं झालं. जर्मनी झाली, रशिया झाली. पोरगी हसली त्याचं काय?" ते सरळ जगदेवीसमोर येऊन उभे राहिले. "खरं सांग, पोरी. माझा पोरगा पडला म्हनून हसलीस न्हवं?"

मायाक्का डोळ्यांनी खुणावत होती, माफी माग, माफी माग. बिरप्पाही मान हलवत होता. जगदेवीला माफी मागता आली असती आणि सगळं तिथेच मिटलंही असतं. पण तिला रुद्रप्पा दिसला, मातीने माखलेला, तिच्याकडेच बघत असलेला. याला खोटं ऐकवायचं नाही, असं तिला फार आतून वाटलं.

"ते पडले म्हनून न्हाय हसले मी," ती म्हणाली. "पडल्या पडल्या ते वा म्हनले."

"काय म्हनला?"

"वा! आसं. आबाळाकडं बगत. पाठ लागलेली, अंगावर सगळ्या लेंड्या, आन् तोंडानं वा! म्हंजे आपल्याला कुनी गोड जेवायला वाढावं तसं." तिचा ओठ परत थरथरायला लागला, तिने तो दातात धरला. "तुमी समदी एडक्यामागं पळत हुता. मी जवळ हुते, मला आईकू आलं. मामंजी, एवढा आपटलेला मानूस वा म्हनतोय, मग म्या हसू न्हाय तर काय करू?"

मामंजी हा शब्द तिच्या तोंडून निसटून गेला, तेही तिला मागाहून कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

"व्हय आबा," रुद्रप्पा म्हणाला. "म्हनलो मी. डावच तसा हुता."

गोजरबाई काही बोलायला गेली, पण गुरुबसप्पांनी तिला हातानेच थांबवलं. ते पोराकडे बघत राहिले, मग यल्लप्पाकडे. त्यांच्या पायाची बोटं मातीत उगाच चाळा करत होती. रुद्राच्या वयात आपण कुणाकडून पडलो होतो, आणि पडल्यावर आठ दिवस कुणाशी बोललो नव्हतो, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण काहीतरी आठवत होतं खास, हे जगदेवीला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"वा म्हनन्यासारखं काय हाय त्यात, बगू तरी," ते अचानक म्हणाले. फेटा उतरवून त्यांनी आण्णांच्या हातात दिला. "सोड रुद्रा ते उपरनं. मला बांद."

"आबा, गुडघे तुमचे..."

"गुडघे पट्ट्याखाली हायत. पट्ट्याखाली हात लावायचा न्हाय असा कायदा हाय न्हवं? मग?"

बिरप्पाने यल्लप्पाच्या कानात कळवळून काहीतरी सांगितलं. यल्लप्पाने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मग त्याने म्हाताऱ्याचा पट्टा धरला. गुरुबसप्पांनी त्याचा धरला. आणि म्हातारा काही नुसता उभा राहिला नाही हां, त्याने दोनदा यल्लप्पाला असा हिसका दिला की तो डोंगरासारखा माणूस पाऊलभर सरकला, आणि बघणारे "आर्रर्र" करून उठले. तिसऱ्या वेळी यल्लप्पाची कंबर खाली गेली. गुरुबसप्पांचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, क्षणभर ते अधांतरी राहिले आणि मग आईने पोराला निजवावं तशा हळुवारपणे ते पाठीवर आले.

यल्लप्पाने आरोळी मारली नाही. आण्णांच्या हातात फेटा तसाच. मायाक्काने डोळे गच्च मिटून घेतले होते. जगदेवीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं की भीतीचं, तिलाच सांगता आलं नसतं.

गुरुबसप्पा तसेच पडून होते, छातीवर हात ठेवून, आभाळाकडे बघत. मग त्यांनी पडल्या पडल्याच मान तिच्याकडे वळवली.

"आता का गप?" ते म्हणाले. "हास की, सूनबाय."